ज्यां-बातिस्त आर्बां

जोसेफ ज्यां-बातिस्त लोरां आर्बां (जन्म : २८ फेब्रुवारी १८२५, लियों, फ्रान्स, मृत्यू : एप्रिल १८८९, पॅरिस) हे फ्रेंच कॉर्नेटवादक, संगीतरचनाकार, वाद्यवृंदसंचालक आणि पॅरिस काँझर्व्हातुआर या राष्ट्रीय संगीत महाविद्यालयातील प्राध्यापक होते. कॉर्नेट व साक्सहॉर्न या वाद्यांसाठी त्यांनी लिहिलेला आणि १८६४ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासग्रंथ आज जगभर ट्रंपेट शिकणाऱ्यांचा मूळ ग्रंथ मानला जातो. आर्बां यांचे शिक्षण ट्रंपेटवर झाले, त्यांची कीर्ती कॉर्नेटवर उभी राहिली आणि त्यांचा वारसा पुन्हा ट्रंपेटवादकांकडे गेला. त्यांचे चरित्र समजून घेताना या दोन वाद्यांमधील फरक प्रथम ध्यानात घ्यावा लागतो.

पार्श्वभूमी

आपल्याकडे लग्नाच्या वरातीतील बँडमध्ये तीन कळांचे जे पितळी वाद्य सर्वांत पुढे वाजते, ते ट्रंपेट किंवा त्याच कुळातील कॉर्नेट असते. आर्बां यांच्या बालपणी मात्र युरोपातील ट्रंपेटला बहुधा कळाच नसत. ती एक लांब, वळवलेली नळी असे. ओठांचा ताण आणि फुंकर यांत बदल करून त्या नळीच्या लांबीला अनुरूप असे नैसर्गिक उपस्वर तेवढे काढता येत. हे उपस्वर खालच्या भागात एकमेकांपासून दूर असतात, त्यामुळे तेथे सलग सप्तक वाजत नाही. वरच्या भागात ते जवळ येतात, पण तेथे वाजवणे अतिशय कठीण. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बाख आणि हेंडेल यांच्या काळी हा उंच भाग लीलया वाजवणारे कलावंत होते. शतक संपेपर्यंत ती कला मागे पडली आणि वाद्यवृंदातील ट्रंपेटकडे तालाला आघात देणे व गर्जना करणे एवढेच काम उरले.

ही मर्यादा झडपांच्या शोधाने दूर झाली. श्टोल्त्सेल आणि ब्लूमेल या जर्मन वादकांनी १८१८ मध्ये प्रशियात झडपेचे एकस्व घेतले. झडप दाबली की हवेचा मार्ग जास्तीच्या नळीतून वळतो, नळी तेवढी लांब होते आणि स्वर उतरतो. एक झडप पूर्ण स्वराने, दुसरी अर्ध्या स्वराने आणि तिसरी दीड स्वराने स्वर उतरवते. तिन्हींच्या मिळून सात निरनिराळ्या स्थिती होतात आणि त्यांतून सर्व कोमल-तीव्र स्वर हाती येतात. पॅरिसमध्ये १८३० च्या सुमारास टपालगाडीच्या छोट्या गोल शिंगाला अशा झडपा बसवून कॉर्नेट तयार झाले. त्याची नळी तत्कालीन ट्रंपेटपेक्षा आखूड आणि अधिक शंक्वाकार असल्याने आवाज मृदू व चाल चपळ होती. गाता येईल असे हे पहिले उंच पितळी वाद्य होते, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

कॉर्नेट लोकप्रिय झाले ते मात्र नाचघरांत. पोल्का, वॉल्ट्झ आणि क्वाद्रिल वाजवणाऱ्या वाद्यवृंदांचे ते लाडके वाद्य ठरले आणि याच कारणाने प्रतिष्ठित संगीतकारांच्या नजरेतून उतरले. एक्तोर बेर्लियोझ यांनी आपल्या रचनांत ट्रंपेटच्या जोडीला कॉर्नेटही वापरले, तरी वाद्यवृंदरचनेवरील आपल्या ग्रंथात या वाद्याच्या सवंगपणाविषयी नापसंती नोंदवली. कॉर्नेटला गंभीर संगीताच्या पंक्तीत बसवणे हे आर्बां यांच्या आयुष्यभराच्या खटपटीचे सूत्र होते.

शिक्षण

आर्बां १८४१ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी पॅरिस काँझर्व्हातुआरमध्ये फ्रांस्वा दोव्हेर्ने यांच्या ट्रंपेटवर्गात दाखल झाले. हा वर्ग १८३३ मध्ये सुरू झाला होता आणि दोव्हेर्ने त्याचे पहिले प्राध्यापक होते. झडपांची ट्रंपेट फ्रान्समध्ये आणून वाजवणाऱ्या पहिल्या वादकांत त्यांची गणना होते. तरीही वर्गातील शिक्षणाचा पाया जुन्या, झडपा नसलेल्या ट्रंपेटचाच होता. याचा आर्बां यांना दुहेरी लाभ झाला. कळांचा आधार नसताना केवळ ओठांनी स्वर नेमका पकडण्याची शिस्त त्यांना लागली आणि या वाद्याने काय काय साधत नाही याचीही पुरेपूर जाणीव झाली. १८४५ मध्ये त्यांनी या वर्गाचे प्रथम पारितोषिक मिळवले.

साक्स यांचे पथक आणि नौदल

याच वर्षी पॅरिसमध्ये एक वेगळीच स्पर्धा झाली. बेल्जियमहून आलेले वाद्यनिर्माते आदोल्फ साक्स यांनी झडपांच्या पितळी वाद्यांचे एक संपूर्ण कुटुंब तयार केले होते. त्याला साक्सहॉर्न म्हणत. साक्सोफोनमुळे त्यांचे नाव आज घरोघरी पोचले असले, तरी तत्कालीन फ्रान्समध्ये त्यांच्या साक्सहॉर्नचा बोलबाला अधिक होता. लष्करी बँडमध्ये ही नवी वाद्ये घ्यावीत की जुनीच ठेवावीत, याचा निवाडा करण्यासाठी २२ एप्रिल १८४५ रोजी शां द मार्स या मैदानावर हजारो श्रोत्यांसमोर दोन बँड एकमेकांविरुद्ध वाजले. जुन्या पद्धतीच्या बँडचे नेतृत्व लष्करी संगीतशाळेचे संचालक कराफा यांच्याकडे होते, तर दुसरा बँड साक्स यांचा होता. या दुसऱ्या पथकात लहान साक्सहॉर्न वाजवणारे तरुण वादक आर्बां होते. श्रोत्यांचा कौल साक्स यांच्या बाजूने पडला आणि त्याच वर्षी फ्रेंच लष्करी बँडची पुनर्रचना करण्याचा आदेश निघाला. पुढे आर्बां यांना अध्यापक म्हणून जे पहिले पद मिळाले, त्याचे मूळ या घटनेत शोधता येते.

यानंतर काही काळ आर्बां नौदलाच्या सेवेत होते. ते ज्या बेल पूल या जहाजावरील बँडमध्ये होते, त्याच जहाजाने १८४० मध्ये सेंट हेलेना बेटावरून नेपोलियनचे अवशेष फ्रान्सला आणले होते.

एकलवादक म्हणून त्यांचा लौकिक याच सुमारास पसरू लागला. १८४८ मध्ये त्यांनी बासरीवादक थेओबाल्ड ब्योम यांची बासरीसाठीची अवघड रचना कॉर्नेटवर वाजवून दाखवली. ही केवळ चमत्कृती नव्हती. बासरीवादक जिभेच्या दुहेरी आघाताने द्रुत स्वर सुटे सुटे काढतात. पितळी वाद्यावर ते इतक्या स्वच्छपणे जमत नाही, असा सर्वसाधारण समज होता. तो खोटा ठरवणे हा त्यामागील हेतू होता. शिक्षकाने आधी स्वतः वाजवून दाखवावे आणि मग नियम सांगावा, ही रीत त्यांच्या कारकिर्दीत पुढेही दिसते.

नाचघरांतील संचालक

एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या दशकापासून आर्बां पॅरिसमधील करमणुकीच्या वाद्यवृंदांचे संचालन करू लागले. कादे रस्त्यावरील कॅसिनोमध्ये त्यांचा वाद्यवृंद गाजला. पुढे ऑपेरागृहातील मुखवटानृत्यांच्या रात्रीही त्यांच्या हाती आल्या. लोकप्रिय ऑपेरांतील सुरांवर बेतलेल्या क्वाद्रिल, पोल्का, वॉल्ट्झ अशा असंख्य नृत्यरचना त्यांनी लिहिल्या किंवा जुळवल्या. त्यांतील बहुतेक आज विस्मृतीत गेल्या आहेत आणि त्याबद्दल फारशी हळहळ वाटण्याचे कारण नाही. त्या त्या हंगामासाठी लिहिल्या गेल्या आणि हंगामाबरोबरच संपल्या. मात्र या व्यवसायाने त्यांना पैसा, प्रसिद्धी आणि रोज रात्री प्रत्यक्ष वादनाचा सराव दिला. कॉर्नेटची बदनामी ज्या नाचघरांमुळे झाली, त्याच नाचघरांत त्याचा सर्वांत निष्ठावान वकील रात्री काढत होता, हा त्या काळच्या पॅरिसमधील एक लक्षणीय विरोधाभास होय.

अध्यापन

लष्करी संगीतशाळा बंद झाल्यानंतर लष्करातील वादकांना शिकवण्यासाठी १८५७ मध्ये काँझर्व्हातुआरला जोडून खास वर्ग काढण्यात आले. त्यांत साक्सोफोन शिकवण्यासाठी स्वतः साक्स यांची आणि साक्सहॉर्नसाठी आर्बां यांची नेमणूक झाली. येथे येणारे विद्यार्थी निरनिराळ्या पलटणींतून आलेले सैनिक असत. शिक्षण संपवून ते आपापल्या बँडमध्ये परत जात. त्यामुळे आर्बां यांची शिकवण देशभरातील पलटणींत पोचली.

या अनुभवातून त्यांना दोन गोष्टी प्रकर्षाने जाणवल्या असाव्यात. एक म्हणजे प्रत्येक वादक आपल्या गुरूकडून ऐकीव नियम घेऊन येतो आणि ते परस्परांशी जुळत नाहीत. दुसरी म्हणजे व्हायोलिन किंवा पियानोसाठी जसे क्रमवार अभ्यासग्रंथ आहेत, त्या तोडीचे साहित्य या वाद्यासाठी नाही. ही उणीव त्यांनी १८६४ मध्ये भरून काढली.

काँझर्व्हातुआरमधील नियमित विद्यार्थ्यांसाठी कॉर्नेटचा स्वतंत्र वर्ग असावा, यासाठीही त्यांचे प्रयत्न चालू होते. ते अनेकदा निष्फळ ठरले. दोव्हेर्ने १८६९ मध्ये निवृत्त झाल्यावर ट्रंपेटचा वर्ग ज्यूल सेर्क्लिए यांच्याकडे गेला आणि त्याच वर्षी जानेवारीत कॉर्नेटचा वर्ग वेगळा काढून तो आर्बां यांच्याकडे सोपवण्यात आला. त्या वेळी ते चव्वेचाळिसाव्या वर्षात होते. विद्यार्थी म्हणून ज्या संस्थेतून ते चोवीस वर्षांपूर्वी बाहेर पडले, त्याच संस्थेने त्यांच्या वाद्याला आता अधिकृत स्थान दिले. पुढच्याच वर्षी फ्रान्स-प्रशिया युद्ध भडकले, पॅरिसला वेढा पडला आणि लष्करी विद्यार्थ्यांचे वर्ग बंद झाले. कॉर्नेटचा वर्ग मात्र टिकला.

अभ्यासग्रंथ

आर्बां यांचा ग्रंथ कॉर्नेट व साक्सहॉर्न या दोन्हींसाठी लिहिलेला आहे, कारण दोहोंच्या कळांची योजना एकच असते. प्रसिद्धीपूर्वी तो काँझर्व्हातुआरच्या समितीपुढे ठेवण्यात आला. संचालक ओबेर, ऑपेराकार मायरबेर, आंब्रवाज तोमा आणि आर्बां यांचे गुरू दोव्हेर्ने यांनी इतर सदस्यांसह त्याला मान्यता दिली. ज्या संस्थेत या वाद्याला अद्याप स्वतंत्र वर्ग नव्हता, तिने त्याचा ग्रंथ आधी स्वीकारला, हे पुढील यशाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले.

प्रास्ताविकात आर्बां वादनाच्या मूलभूत गोष्टी थोडक्यात सांगतात. माउथपीस ओठांच्या मध्यभागी, एक तृतीयांश वरच्या ओठावर आणि दोन तृतीयांश खालच्या ओठावर ठेवावा, असा त्यांचा नियम आहे. हॉर्नवादकांमध्ये याच्या उलट प्रथा असते, याची नोंदही ते करतात. आजचे अनेक शिक्षक हा नियम जसाच्या तसा मानत नाहीत. ओठांची व दातांची ठेवण प्रत्येकाची वेगळी असल्याने त्यांचे म्हणणे रास्त आहे. गाल फुगवू नयेत हा इशारा मात्र आजही तितकाच खरा आहे. जिव्हाघाताविषयीचे त्यांचे स्पष्टीकरण विशेष मार्मिक आहे. आघात हा शब्द केवळ रूढीने वापरला जातो. जीभ प्रत्यक्षात काही ठोकत नाही, ती दाराच्या पडद्यासारखी मागे सरते आणि अडवलेली हवा मोकळी होते, असे ते दाखवून देतात.

त्यानंतर प्रत्यक्ष पाठ सुरू होतात आणि ग्रंथाचे खरे सामर्थ्य तेथे आहे. प्रथम लांब, स्थिर स्वर. मग स्वरांतील उड्या, खंडित लय, बंधयुक्त स्वर म्हणजे कळ न बदलता केवळ ओठांनी एका उपस्वरावरून दुसऱ्यावर जाणे. त्यापुढे सर्व स्वरसप्तके, अर्धस्वरांची माळ, नाना प्रकारचे अलंकार, अंतराळे, तीन स्वरांचे आणि चार स्वरांचे गट, स्वरसंघांचे विखुरलेले स्वर. एकच आकृती सर्व बारा स्वरांवरून वाजवून घेण्याची ही पद्धत आपल्याकडील पलट्यांच्या रियाजाची आठवण करून देणारी आहे. विद्यार्थ्याच्या सोयीची बोटे आणि गैरसोयीची बोटे असा भेद ग्रंथ मानतच नाही. जे एका सप्तकात आले, ते प्रत्येक सप्तकात आले पाहिजे.

जिव्हाघाताचा विभाग सर्वांत प्रसिद्ध आहे. तिहेरी आघातासाठी तु-तु-कु आणि दुहेरीसाठी तु-कु हे उच्चार त्यांनी ठरवून दिले. पहिला ध्वनी जिभेच्या टोकाने, तर कु हा जिभेच्या मागील भागाने निघतो. दोन्हींची अदलाबदल होत राहिल्याने एकट्या टोकाला न साधणारा वेग मिळतो. तबल्याच्या बोलांप्रमाणे येथे ध्वनी आधी तोंडात बसतो आणि नंतर वाद्यात उतरतो. अडचण अशी की कु हा उच्चार स्वभावतः दुबळा असतो. तो तु इतकाच ठसठशीत व्हावा, म्हणून आर्बां एकाच स्वरावर संथ लयीत दीर्घ सराव घेतात आणि मगच स्वर बदलू देतात. या विभागात घाई करणाऱ्याला पुढे पहिल्या पानावर परतावे लागते, असा शिक्षकांचा सार्वत्रिक अनुभव आहे.

तंत्राची ही चढण संपल्यावर ग्रंथाचा सूर बदलतो. गायनशैलीच्या अभ्यासासाठी ऑपेरांतील आणि लोकगीतांतील १५० चाली दिल्या आहेत. गुरू-शिष्यांनी मिळून वाजवण्यासाठी ६८ युगुलरचना आहेत. मग १४ स्वभावविशिष्ट अभ्यासरचना येतात. त्यांत श्वासाला जागा शोधणे हीच मोठी कसोटी असते. शेवटी १२ मोठ्या फँटसिया व व्हेरिएशन आहेत. त्यांत बेल्लीनी यांच्या नोर्मा व बेआत्रिचे दि तेंदा आणि ओबेर यांच्या आक्तेओं या ऑपेरांतील सुरांवरील रचनांचा समावेश होतो. कार्निव्हल ऑफ व्हेनिसवरील व्हेरिएशन ही त्यांतील सर्वाधिक वाजवली जाणारी रचना. मूळ चाल अगदी साधी, नेपल्समधील लोकगीताची आहे आणि पागानीनी यांनीही तिच्यावर व्हायोलिनसाठी व्हेरिएशन लिहिली होती. आर्बां यांच्या रचनेतील उत्तरार्धात खालचे व वरचे स्वर इतक्या त्वरेने आलटून पालटून येतात की दोन वाद्ये एकदम वाजत असल्याचा भास होतो. काव्यदृष्ट्या या रचनेला फार उंचीवर नेऊन बसवता येणार नाही. पण वाद्याच्या क्षमतेचे प्रात्यक्षिक म्हणून तिला तोड नाही.

रशिया, राजीनामा आणि पुनरागमन

प्राध्यापकपद मिळाल्यानंतरही आर्बां यांनी संचालन सोडले नाही. रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील मैफलींच्या संचालनासाठी त्यांना निमंत्रण होते. तत्कालीन रशियात उन्हाळी मैफली हा राजदरबाराच्या आणि धनिकांच्या आवडीचा विषय होता आणि मोबदला पॅरिसमधील प्राध्यापकाच्या पगारापेक्षा कितीतरी अधिक असे. ओबेर यांच्या निधनानंतर १८७१ पासून संचालकपदी आलेले आंब्रवाज तोमा शिस्तीचे भोक्ते होते. वर्ग चालू असताना दीर्घ रजा देण्यास ते राजी नव्हते. १८७४ मध्ये आर्बां यांनी काँझर्व्हातुआरमधील पद सोडले. अनेक वर्षे झगडून मिळवलेला वर्ग अवघ्या पाच वर्षांत सोडण्याचा हा निर्णय आश्चर्यकारक वाटतो. पण नाचघर व मैफल ही त्यांची मूळ उपजीविका होती, हे विसरून चालणार नाही. त्यांच्या जागी ज्याक-इपोलित मोरी यांची नेमणूक झाली.

मोरी यांच्यानंतर १८८० मध्ये आर्बां आपल्या जुन्या वर्गावर परतले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. या दुसऱ्या कालखंडात फ्रान्सखेरीज बेल्जियम, पोर्तुगाल, स्पेन आणि रशिया येथील सन्मानही त्यांच्या नावावर जमा होते.

वाद्यनिर्मितीतील प्रयत्न

आर्बां यांचे नाव असलेले कॉर्नेट पॅरिसमधील आंत्वान कुर्त्वा यांच्या कारखान्यात तयार होत असे. आयुष्याच्या अखेरच्या दशकात मात्र त्यांचे लक्ष एका जुन्या दोषाकडे वळले. दोन किंवा तीन झडपा एकदम दाबल्या की त्यांच्या नळ्यांची बेरीज आवश्यक लांबीपेक्षा किंचित कमी पडते. पहिली झडप दाबल्यामुळे वाद्य आधीच लांब झालेले असते आणि त्या लांबलेल्या वाद्यासाठी दुसऱ्या झडपेची नळी अपुरी ठरते. परिणामी स्वर थोडा चढा लागतो. वादक हा दोष ओठांनी सावरून घेतात. तो वाद्यातच दुरुस्त व्हावा, यासाठी बूव्हे या अभियंत्याच्या साहाय्याने आर्बां यांनी सुधारित कॉर्नेटच्या रचना केल्या आणि त्यांची एकस्वे घेतली. ही वाद्ये जड व गुंतागुंतीची असल्याने चालली नाहीत. तथापि दोषाचे निदान अचूक होते. आजच्या ट्रंपेटच्या तिसऱ्या नळीवर बोट अडकवण्यासाठी जी कडी असते, ती याच उणिवेवरचा साधा उपाय आहे.

निधन व वारसा

एप्रिल १८८९ मध्ये आर्बां यांचे पॅरिस येथे निधन झाले. आयफेल मनोरा ज्यासाठी उभारला गेला, ते जागतिक प्रदर्शन त्यानंतर महिन्याभरातच खुले झाले. काँझर्व्हातुआरमधील त्यांचा वर्ग मेले यांच्याकडे गेला.

पुढील काही दशकांत चित्र पालटले. ट्रंपेटची नळी आखूड झाली, तिला कॉर्नेटसारख्याच तीन झडपा आल्या आणि कॉर्नेटची चपळाई तिच्यात उतरली. पॅरिसमध्ये १८९४ पासून ट्रंपेटचे प्राध्यापक असलेले मेरी फ्रांकां यांचा या बदलात मोठा वाटा होता. वाद्यवृंदांतून कॉर्नेट हळूहळू मागे हटले. जॅझमध्येही लुई आर्मस्ट्राँग यांनी सुरुवात कॉर्नेटवर केली आणि नंतर ट्रंपेट स्वीकारली. इंग्लंडमधील ब्रास बँडमध्ये कॉर्नेटने आपले राज्य टिकवले असले, तरी इतरत्र ते मुख्यतः ट्रंपेटवादकाचे जोडवाद्य झाले. आर्बां यांनी ज्या वाद्यासाठी झीज सोसली त्याची ही पीछेहाट. पण ग्रंथ मात्र बोटांसह आणि उच्चारांसह जसाच्या तसा ट्रंपेटवर लागू पडला. इंग्रजीभाषक देशांत वादक त्याला ट्रंपेटवादकांचे बायबल म्हणतात.

अमेरिकेत कार्ल फिशर या प्रकाशनसंस्थेने हा ग्रंथ दीर्घकाळ छापला आहे. बँडसंचालक एडविन फ्रँको गोल्डमन व कॉर्नेटवादक वॉल्टर स्मिथ यांनी संपादित केलेली तेथील १९३६ ची आवृत्ती विशेष प्रचलित झाली. क्लॉड गॉर्डन यांच्या टिपा असलेली आवृत्ती १९८२ ची आहे. ट्रॉम्बोन, युफोनियम आणि ट्यूबा या खालच्या पट्टीच्या वाद्यांसाठीही त्याची रूपांतरे झाली आहेत. अमेरिकन ट्रंपेटवादक विंटन मार्सालिस यांनी १९८७ च्या कार्नावाल या ध्वनिमुद्रिकेत ईस्टमन विंड एन्सेम्बलच्या साथीने कॉर्नेट वाजवून कार्निव्हल ऑफ व्हेनिसवरील व्हेरिएशन सादर केली. रशियात जन्मलेले सेर्गेई नाकारियाकोव्ह यांनीही हीच रचना ध्वनिमुद्रित केली आहे.